साधी पॉलिसी, एक क्लेम आणि बिलातली रंगाची ओळ: आठ महिन्यांनंतर

गाडीच्या विम्यात कॅशलेस (कंपनी वर्कशॉपला थेट पैसे देते) म्हणजे खिशात हात घालायचा नाही, हा समज दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना मोडतो. माझी गाडी चौथ्या वर्षातली, पॉलिसी सर्वसमावेशक पण झीरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नसलेली, काम पुढच्या बंपरचं आणि फेंडरचं. क्लेम वेळेत मंजूर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार घसाऱ्याची आहे, म्हणजे पार्ट वापरून जुना झाला म्हणून क्लेममधून होणाऱ्या कपातीची.

प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरीवर सरसकट 50 टक्के कपात होते, गाडी तीन महिन्यांची असली तरी. फायबरग्लासवर 30 टक्के, काचेवर शून्य. पत्र्याची कपात वयाप्रमाणे वाढते: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत 5, मग दरवर्षी 10, 15, 25, 35. आता गाडीचं तोंड बघा. बंपर, ग्रिल, चाकावरचं लायनर, सगळं प्लॅस्टिक. जे सगळ्यात आधी फुटतं त्याचेच निम्मे पैसे आपल्या खिशातून.

खरी चीड मात्र रंगाच्या ओळीची येते, कारण ती कुणी वाचतच नाही. रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा लागतो, मजुरीवर लागत नाही. बिलात रंगकामाचा एकच एकत्रित आकडा असेल तर त्यातले 25 टक्के साहित्य धरायचे, असा नियम आहे. म्हणजे 12,000 रुपयांच्या रंगकामात साहित्य 3,000 आणि कपात 1,500. तेच वर्कशॉपने बिल फोडून साहित्य 6,000 दाखवलं की कपात दुप्पट, 3,000. काम तेच, रंग तोच. त्यामुळे बिल कसं मांडणार हे एस्टिमेटच्या वेळीच विचारून घ्यायचं. बिल छापून झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की झीरो डेपचा जादा हप्ता म्हणजे भीती दाखवून केलेली विक्री. आकडेमोड केल्यावर ते बदललं. बंपर 6,000 आणि रंगकाम 4,000 धरा. साध्या पॉलिसीत बंपरचे 3,000 आणि रंगाचे 3,500 मिळतात. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम, 1,000 जाते (इंजिन 1,500 सीसीच्या वर असेल तर 2,000), हाती 5,500. दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. आज 35 टक्के असेल तर क्लेम न करता पुढच्या वर्षी 45 आणि त्यानंतर 50 होतो. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य आणि नंतर 20. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ही सूट कापण्याआधी दोन्ही वर्षी 9,000 धरला तर नुकसान 4,050 अधिक 2,700, म्हणजे 6,750. मिळणार 5,500! असा क्लेम करूच नये. झीरो डेप असता तर साधारण 9,000 मिळाले असते आणि क्लेम परवडला असता. टायर, बॅटरी बहुतेक झीरो डेपमध्येही बसत नाहीत, आणि वर्षाला किती क्लेम चालतील हे पॉलिसीत वाचूनच घ्यावं. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, ग्रीस यांच्यासाठी कन्झ्युमेबल्सचं कव्हर वेगळं असतं.

सर्व्हेअरबाबत (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) एकच गोष्ट, पण ती चुकली की पैसे गेले. गाडी खोलल्यावर आत वाकलेला ब्रॅकेट किंवा फुटलेला रेडिएटर सापडला तर काम तिथेच थांबवायचं, पुरवणी एस्टिमेट पाठवायचं आणि सर्व्हेअरला पुन्हा दाखवायचं. वर्कशॉपला घाई असते, ते पार्ट बसवून मोकळे होतात, आणि न पाहिलेला पार्ट मंजूर होत नाही. जुने पार्ट शेवटपर्यंत फेकू देऊ नका. पावसाच्या पाण्यात बंद पडलेली गाडी तर पुन्हा स्टार्ट करायचीच नाही, सरळ टो करायची. पाणी ओढून इंजिन बसलं तर इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसताना तो खर्च बहुधा आपल्याच गळ्यात पडतो.

आणि काम सुरू होण्याआधी मंजुरीची शीट मेलवर मागा, पार्टनिहाय घसाऱ्यासकट. फोनवरचं "ऐंशी टक्के बसेल" धरून चालू नका. त्या शीटमध्ये रंगाची ओळ आधी बघा.