लाइफ की लुक? जुने अंक वाचायला घेणार असाल तर

दोन्ही अमेरिकन फोटो मॅगझीन, दोन्ही मोठ्या आकाराची, काही महिन्यांच्या अंतराने निघाली आणि बंदही जवळपास एकाच सुमाराला पडली, त्यामुळे एक चाळलं की दुसरं कळलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं अजिबात नाहीये.

लाइफ हे नाव आधी एका विनोदी मॅगझीनचं होतं, १८८३ पासूनचं. टाइम मॅगझीनवाल्या हेन्री लूसने १९३६ मध्ये ते मुख्यतः नावासाठीच विकत घेतलं आणि २३ नोव्हेंबरला आपला पहिला अंक काढला, किंमत १० सेंट. कव्हरवर मोंटानातलं फोर्ट पेक धरण, फोटो मार्गारेट बर्क-व्हाइटचा. तिला पाठवलं होतं बांधकामाचे फोटो काढायला, पण ती त्यासोबत मजुरांच्या वस्तीतलं रात्रीचं जगणं, तिथले बार हेही घेऊन आली आणि तेच आतल्या पानांवर लागलं. माझ्या मते लाइफ काय होणार हे तिथेच ठरलं.

लुक आयोवातल्या गार्डनर काउल्सचं, १९३७ चं. लाइफ दर आठवड्याला यायचं, हे बहुतेक काळ पंधरवड्याला, म्हणजे ताज्या बातमीमागे धावण्यात अर्थच नव्हता, मग माणसांवर, घरांवर, समाजातल्या अवघड प्रश्नांवर निवांत लिहिलेलं जास्त. पुढे सिनेदिग्दर्शक झालेला स्टॅन्ली कुब्रिक अगदी पोरवयात इथे फोटोग्राफर होता. आणि जानेवारी १९६४ च्या अंकातलं चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं चित्र तर बघाच (हो, फोटोंच्या मॅगझीनमध्ये चित्र): पांढऱ्या फ्रॉकमधली छोटी काळी मुलगी आतापर्यंत फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत चाललीये, पुढेमागे तिच्या संरक्षणाला सरकारी मार्शल, त्यांची डोकी चौकटीबाहेर, भिंतीवर फेकून मारलेल्या टोमॅटोचा डाग. मला ते पान उलटायला बराच वेळ लागला.

तरीही सुरुवात लाइफने करा. कारण साधं आहे, फोटो पत्रकारिता सुट्या फोटोत नसते, ती पानावर असते, कुठला फोटो मोठा, कुठला कोपऱ्यात, कशानंतर काय. लाइफचे १९३६ ते १९७२ चे अंक गूगल बुक्सवर जाहिरातींसकट पानोपान बघता येतात. लुकचा लाखो फोटोंचा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला, तो खजिनाच आहे, पण त्यातून पान कळत नाही, त्यासाठी जुना छापील अंकच मिळवावा लागतो. लुक १९७१ मध्ये बंद झालं, लाइफ साप्ताहिक १९७२ च्या डिसेंबरमध्ये, टीव्हीने जाहिराती नेल्या आणि टपालखर्चही वाढला. (लाइफ नंतर मासिक म्हणून आलं, पण ते सोडा.)

फोटोग्राफी शिकत असाल तर लाइफचा २० सप्टेंबर १९४८ चा अंक उघडा. फोटोग्राफर युजीन स्मिथ कोलोरॅडोतल्या एका गावात खेड्यातल्या डॉक्टरसोबत आठवडेच्या आठवडे राहिला. रात्री ऑपरेशन आटोपून डॉक्टर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात टेकून उभा आहे, हातात कॉफीचा कप, बोटांत सिगरेट, मास्क गळ्यात लोंबतोय. फोटो एकटा बघू नका, आधीची पानं बघून मग तिथे या.

आणि इतिहासासाठी हवं असेल तर लाइफचाच २७ जून १९६९ चा अंक. व्हिएतनाममध्ये एका आठवड्यात मेलेले २४२ अमेरिकन सैनिक, त्यातल्या बहुतेकांचे छोटे छोटे फोटो रांगेने, कॉलेजच्या वार्षिकात असतात तसे, खाली नाव, वय, गाव. वयं वाचत जा.