१.१.१.३ : पोट्ट्यांच्या घरात लावावाच असा मोफत डीएनएस

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी सगळं खटलं एकाच वायफायवर चालतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी बाहेर कोण जाणार? पोट्टे फोन घेऊन कूलरसमोर. म्हणून राउटरवरच क्लाउडफ्लेअर या कंपनीचा फॅमिली डीएनएस टाकला. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा; हा डीएनएस वाईट साइटचा पत्ताच देत नाही. २०२० साली आलेली ही सेवा फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. तिचे दोन क्रमांक आहेत: १.१.१.२ फक्त व्हायरसवाल्या साइट अडवतो, १.१.१.३ अश्लील साइटही.

आमचा टीपी-लिंक आर्चर आहे. ॲडव्हान्स्ड, नेटवर्क, डीएचसीपी सर्व्हर असं जायचं, प्रायमरीत १.१.१.३ आणि सेकंडरीत १.०.०.३ भरायचं. सेकंडरीत दुसराच एखादा डीएनएस ठेवू नका. फोन तिकडे विचारतो आणि गाळणी फुकट जाते. मग फोन वायफायला पुन्हा जोडायचे.

नेटवाल्याने दिलेल्या जुन्या डब्यात हा पर्यायच बंद होता. पैसे आपण भरतो, तर सेटिंग आपल्या हाती हवीच, हे माझं ठाम मत.

डाउनलोडचा वेग यानं वाढत नाही, यूट्यूबच्या जाहिरातीही जात नाहीत. पण बहुतेक वाईट साइट उघडतच नाहीत, आणि सासूबाईंच्या टॅबलाही तेच संरक्षण मिळतं, त्यांना काही न शिकवता. हे मला फार मोलाचं वाटतं.

क्रोममधलं 'सिक्युअर डीएनएस' मात्र तपासा. तिथे दुसरी कंपनी निवडलेली असेल तर राउटरला वळसा पडतो. मोबाइल डेटावरही राउटरचं काही चालत नाही. त्यासाठी अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये वेगळी नोंद करावी लागते.