पांढरं फडकं पांढरंच राहिलं

बाबांची गाडी १९६१ची, निळी. कारखान्यातून निघताना अंगावर होता तोच रंग अजून होता. उन्हाने तो खडूसारखा झालेला. हात फिरवला की बोटांना निळसर पूड लागायची. ड्रायव्हरच्या दारावर कुलपाखाली एक अर्धगोल ओरखडा होता, थेट पत्र्यापर्यंत गेलेला. बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा वर्षानुवर्षं तिथे घासत आला होता.

कारागिराला मी स्पष्ट सांगितलं, मूळ रंगच उजळायचा, नवा रंग थेंबभरही नको. तो म्हणाला, "रंगाला हातच लावत नाही साहेब. हाताने पॉलिश करतो, वरून सिरॅमिकचा संरक्षक थर मारतो. दहा वर्षं बघायला नको." रंगाला हात न लावता पॉलिश कसं करतात, हे विचारायला मला तेव्हा सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली ती आरशासारखी. ओरखडाही गायब! मी खूश झालो, आणि बावळट ठरलो तो इथेच. पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा कुठल्याच पॉलिशने जात नाही.

चार महिने गेले. एकदा गाडी धुऊन उन्हात लावली, तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या आणि कडेला एक राखाडी पट्टा. डाग समजून मी तो घासत बसलो. तो प्राइमर होता, रंगाखालचा अस्तराचा थर. रेघा ग्लेझने, म्हणजे चमक आणणाऱ्या तेलकट मलमाने, बुजवल्या होत्या आणि पट्टा रंगीत मेणाने झाकला होता. पाण्याने दोन्ही हळूहळू निघून गेलं. सिरॅमिकचा तर मागमूसही नव्हता.

मग एका जाणकाराने पांढऱ्या फडक्याची युक्ती सांगितली. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गाड्यांवर सर्रास दिसू लागला तो १९८०च्या दशकात. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचा थर उघडाच असतो, म्हणून पॉलिश लावून घासलं की फडक्याला रंग लागतो. बॉनेटवर फडकं निळं झालं. ड्रायव्हरच्या दारावर मी हात दुखेपर्यंत घासलं, तरी पांढरंच, म्हणजे तिथे वर क्लिअर कोट होता, रंग नवा. दाराचं रबर बीडिंग उचलून पाहिलं, तर आत फवाऱ्याची निळी धूळ.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्याच्याकडेच होतं. छत ९५ मायक्रॉन, बॉनेट मध्यभागी ६०, कडेजवळ ३०, आणि दार २७०! माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून काय ते समजा. झालं असं असणार: वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) आणि बफिंग मशीन लावून काम उरकलं. कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो, त्यामुळे रंग फाटला. दाराचं फारच बिघडलं म्हणून ते गुपचूप नव्याने रंगवलं.

जाब विचारायला गेलो, तर उत्तर तयार: "आता आधीपेक्षा छानच दिसतेय की!" बिलावर दोनच शब्द होते, बॉडी काम. आधीचे फोटो नाहीत, आकडे नाहीत. भांडणार कशाच्या जोरावर?

तेव्हा गाडी सोडण्याआधी जाडी मोजा. प्रत्येक भागाचा आकडा आणि 'नवा रंग नाही, पेपर नाही' हे वाक्य बिलावर लिहून सही घ्या. फूटभर जागा चिकटपट्टीने आखून तुमच्यासमोर उजळून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर गाडी वळवा. गाडी परत घेताना तेच आकडे पुन्हा मोजा, आणि धुतलेली गाडी उन्हात बघा, दुकानाच्या दिव्याखाली नको. सिरॅमिकच्या नावाला भुलू नका. तो वरचा पातळ थर. विटलेला रंग तो परत आणत नाही. आणि तुमची गाडी मेटॅलिक असेल तर जास्तच जपा, त्या जुन्या रंगातली ॲल्युमिनियमची चमकी उघडी असते आणि घासली की राखाडी पडते.

छत बहुधा त्यांनी कंटाळून सोडलं असावं. ते आता मीच करतो. खरखर नसलेलं तेलकट ग्लेझ जाडसर लावायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी मऊ कापडाने हलकेच पुसायचं, शेवटी मेण. तिसऱ्या खेपेला खडूखालून बाबांचा निळा वर आला आणि कापडही निळं झालं. ते कापड मी धुतलेलं नाही.