६० दिवसांत ५,००० इंग्रजी शब्द: कोर्सच्या नावाखाली कर्ज गळ्यात मारलं, १३,४५८ रुपये गेले

आधीच सांगते, "एवढी शिकलेली असून कशी फसलीस" हे विचारायला येऊ नका, ते घरात ऐकून झालंय आणि पुरेसं झालंय. मी नोकरी करते, घर बघते आणि रात्री सगळे झोपले की एसएससी सीजीएलचा, म्हणजे केंद्र सरकारी नोकरीच्या परीक्षेचा, अभ्यास करते. गणित आणि रीझनिंग माझं चांगलं आहे. इंग्लिश ग्रामरसुद्धा जमतं कारण त्याला नियम आहेत, पण सिनोनिम (समानार्थी), अँटोनिम (विरुद्धार्थी), वन वर्ड सब्स्टिट्यूशन (शब्दसमूहासाठी एक शब्द) आलं की हातपाय गळतात, कारण शब्द माहीत असेल तर येतो नाहीतर नाही, तिथे डोकं चालवून काही होत नाही. मराठी मीडियमवाल्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल. अशा माणसाच्या मोबाईलवर रोज "६० दिवसांत ५,००० ॲडव्हान्स्ड शब्द, अर्थासकट, कायमचे लक्षात" अशी जाहिरात दिसत राहिली तर तो कधीतरी क्लिक करणारच ना. कंपनीचं नाव इथे लिहीत नाहीये, वकिलांनी सध्या नको म्हणून सांगितलंय.

९९ रुपयांचा लाइव्ह डेमो होता. त्यापुढचं तुम्हाला पाठ असेल, "ऑफर फक्त आज रात्री बारापर्यंत", मग काउन्सेलरचा गोड फोन, मूळ फी ४५,०००, मग एक पाच मिनिटांची टेस्ट आणि त्या टेस्टमध्ये मला १६,००१ रुपयांची "स्कॉलरशिप". म्हणजे फी झाली २८,९९९. नंतर कळलं की टेस्ट अर्धवट सोडलेल्यांनापण तीच स्कॉलरशिप मिळाली होती.

आता ज्या गोष्टीने माझी अजून झोप उडते ती सांगते. डेमोमध्ये सर लोक शब्द लक्षात ठेवायच्या ट्रिक शिकवत होते आणि त्यात एक शब्द आला एनर्व्हेट. सर म्हणाले, एनर्व्हेट ऐकलं की एनर्जी आठवा, म्हणजे अर्थ काय, तर एनर्जी भरणे, उत्साह देणे. अहो, हा शब्द बरोबर उलटा आहे! एनर्व्हेट म्हणजे शक्ती काढून घेणे, गलितगात्र करणे. मला हे पक्कं माहीत होतं कारण सराव करताना याच शब्दावर मी आपटले होते आणि माझ्या वहीत तो लाल पेनने लिहिलेला होता. मी चॅटमध्ये लिहिलं की सर अर्थ उलटा आहे बहुतेक. माझा मेसेज गायब झाला. काढूनच टाकला त्यांनी. मग चॅटच बंद, आणि थोड्या वेळाने चालू झालं तेव्हा "अमेझिंग सर", "लाइफ चेंजिंग सर" असे मेसेज धडाधड येत होते, सगळ्यांची भाषा एकच. काउन्सेलरला मी हे फोनवर विचारलं, विचारलं नाही असं नाही, तर तो म्हणतो, "मॅडम, तुम्ही बेसिक डिक्शनरी बघताय, आमच्याकडे ॲडव्हान्स्ड मीनिंग शिकवतात."

ॲडव्हान्स्ड मीनिंग! डिक्शनरी समोर उघडी, त्यात स्वच्छ लिहिलेलं, आणि तरी मला वाटलं की आपलंच काहीतरी कमी असणार. वर्षानुवर्षं इंग्लिशवरून दबलेल्या माणसाचं असं होतं आणि या लोकांना ते नीट माहीत असतं, त्याच्यावरच धंदा चाललाय. शब्द शिकवणारा माणूस शब्दाचा अर्थ उलटा सांगतोय आणि टोकलं की मेसेज पुसतोय, याच्या पुढे अजून काय पुरावा पाहिजे होता सांगा. फोन तिथेच ठेवायला हवा होता.

ठेवला नाही, कारण तो म्हणाला आत्ता फक्त ४,९९९ भरा, बाकीचे २४,००० महिना २,००० प्रमाणे बारा महिने "इझी इन्स्टॉलमेंट", व्याज शून्य. मला वाटलं कोर्सवाल्यांनाच हप्ते द्यायचे. पॅन कार्डचा फोटो, आधार, सेल्फी, आणि मग ओटीपीवर ओटीपी, "व्हेरिफिकेशनसाठी आहे मॅडम, पटकन सांगा, सेशन एक्स्पायर होतंय". आता म्हणाल ओटीपी कशाला दिला. अहो सिमकार्ड घेताना देतो, गॅस बुक करताना देतो, पार्सलवाल्याला दारात देतो, दिवसभर देतच असतो. त्यातला एक ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावर माझी सही होती आणि दुसरा म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी. करार ईमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडला, तिथे कोण बघतं? एका कर्ज देणाऱ्या कंपनीने माझ्या नावावर २४,००० काढून सरळ कोर्सवाल्यांना दिले होते. प्रोसेसिंग फी ५९० वेगळी, ती पहिल्यांदा खात्यातून कापली गेली तेव्हा मला "लोन" हा शब्द पहिल्यांदा दिसला.

कुठलाही कोर्स घेताना "ईएमआय" ऐकलं की एकच प्रश्न विचारा, हे कर्ज आहे का आणि कोणाचं. उत्तर फिरवलं की कट करा. आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या, म्हणजे ऑनलाइन कर्जाच्या, नियमांत कर्ज देण्याआधी सगळा खर्च एका पानावर लिहून द्यायचा, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असं आहे, आणि कूलिंग ऑफ म्हणून सुरुवातीची ठरावीक मुदत असते जिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. मला कोणी सांगितलं नाही. उलट कोर्सवाल्यांची "७ दिवसांत पूर्ण रिफंड" ही अट होती आणि लॉगिन दिलं आठव्या दिवशी!

आता माल काय होता ते ऐका. रोज एक व्हिडिओ, कॉम्प्युटरचा आवाज, स्क्रीनवर शब्द आणि अर्थ, ए पासून सुरू करून डिक्शनरीच्या क्रमाने. ५,००० भागिले ६० केलं तर दिवसाला त्र्याऐंशी शब्द होतात, हा भागाकार मी पैसे भरायच्या आधी का केला नाही देव जाणे, गणित चांगलं म्हणते मी स्वतःचं. एका रांगेत सारखे दिसणारे शब्द पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात, इन्जीनियस आणि इन्जेन्युअस एकाच दिवशी शिकवले, एक म्हणजे कल्पक आणि दुसरा म्हणजे भोळा, आणि त्यांच्या पीडीएफमध्ये दोघांच्याही पुढे "हुशार". नॉइसम म्हणजे "गोंगाट करणारा" लिहिलेलं, खरा अर्थ दुर्गंधी येणारा, अपायकारक. डिसइंटरेस्टेड म्हणजे "कंटाळलेला", तर परीक्षेत विचारतात तो अर्थ निःपक्षपाती. मी काही इंग्लिशची प्रोफेसर नाही, हे मला दिसलं म्हणजे न दिसलेलं किती असेल.

सगळ्यात वरताण म्हणजे "सिक्रेट ५७०". पासवर्ड लावलेली पीडीएफ, प्रत्येक पानावर माझा मोबाईल नंबर छापलेला, "शेअर केल्यास कायदेशीर कारवाई". दहा भाग, नऊ भागांत ६० शब्द आणि दहाव्यात ३०. मी सपोर्टला विचारलं की शेवटचा भाग अर्धा का, तर म्हणे उरलेली जागा रिव्हिजनसाठी. माझ्या मामेबहिणीने, ती कॉलेजात शिकवते, ते बघून एका मिनिटात सांगितलं की ताई, ही तर अकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली प्रसिद्ध केलेली, ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं), शेवटच्या गटात ३० च, आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट. ती यादी उत्तम आहे, पण कॉलेजची पुस्तकं वाचता यावीत म्हणून केलेली आहे. तिच्या पहिल्याच गटात एरिया, बेनिफिट, क्रिएट असे शब्द आहेत. एरिया! रिक्षावाल्याशी बोलताना वापरते मी तो शब्द, आणि तो मला सिक्रेट म्हणून विकला.

(शब्दांसाठी पैसे भरायच्या विचारात असाल तर थांबा. अँकी नावाचं कार्डांचं ॲप कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, विसरायच्या बेतात आलेला शब्द ते बरोबर पुन्हा समोर आणतं. मोठ्या डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत. सीजीएलवाल्यांनी आधी जुने पेपर उपसावेत, शब्द तिथूनच काढावेत आणि वाक्यासकट लिहावेत. आणि जीआरईच्या, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेच्या, नावाने कोणी "अँटोनिम बँक" विकत असेल तर पळा, त्या परीक्षेतून अँटोनिमचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेलेत.)

रिफंड मागितला तर कोर्सवाले म्हणतात तुम्ही व्हिडिओ बघितलेत म्हणजे सर्व्हिस घेतली. कर्जवाले म्हणतात आम्ही पैसे दिले, कोर्स चांगला की वाईट याच्याशी आमचा संबंध नाही. मग एक दिवस "रिफंड डिपार्टमेंट" मधून फोन आला, माझा कोर्स, तारीख, रक्कम सगळं बरोबर सांगितलं, रिफंड मंजूर झालाय फक्त जीएसटीचे १,१८० आधी भरावे लागतील. भरले मी. हो, भरले! जिची तक्रार चालू आहे तिला तक्रारीचाच फोन आला तर ती खरं मानणार नाही का, आणि माझी माहिती त्यांच्याकडे गेली कुठून हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, सगळे मलाच विचारतात की भरले कशाला. परत देणारा माणूस आधी पैसे मागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

हिशोब असा: डेमो ९९, रजिस्ट्रेशन ४,९९९, प्रोसेसिंग ५९०, तीन हप्त्यांचे ६,०००, चौथा हप्ता मी खात्यात पैसे न ठेवून थांबवला त्याचा बाउन्स चार्ज ५९०, आणि हे १,१८०. एकूण १३,४५८. वर १८,००० चं कर्ज अजून माझ्या नावावर उभं आहे. हप्ता असा परस्पर थांबवू नका, कर्ज थांबत नाही, फक्त क्रेडिट स्कोअर पडतो.

आता सरकारी आणि निमसरकारी पाहुणचार. पोलीस स्टेशनला गेले तर साहेब म्हणाले ऑनलाइनचं आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले ओटीपी तुम्हीच दिलाय, कोर्स मिळालाय, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं १,१८० चा फोन तर सरळसरळ फ्रॉड आहे ना, तर समोरचा हवालदार हसून म्हणतो, "मॅडम, इथे लोकांचे लाखो गेलेत, तुमचे अकराशे कुठे शोधायचे?" म्हणजे फसायचं तर मोठ्या रकमेला फसा, तरच खुर्ची मिळेल बसायला. तक्रारीची पोच मागितली तर "साहेब जेवायला गेलेत", पुढच्या वेळी "सिस्टीम डाऊन", त्याच्या पुढच्या वेळी ज्याच्याशी बोलले होते त्याची बदली. माझा लेखी अर्ज तिथल्या बाईंनी घेतला, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवला. बँकेत गेले तर ऑटो डेबिट बंद करायचा फॉर्म कुठला हेच काउंटरवर माहीत नाही, एकाने ॲपमध्ये बघा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कर्ज कंपनीचं पत्र आणा म्हणून सांगितलं. आणि वर मला सल्ला, "इंग्लिश शिकायला पैसे कशाला, पेपर वाचायचा रोज." सुट्टी टाकून गेले होते हो मी! कर्जवाल्यांचा वसुलीचा माणूस मात्र अगदी कार्यक्षम, रात्री नऊला माझ्या बाबांना फोन करून "तुमची मुलगी डिफॉल्टर आहे" म्हणाला. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत असं आरबीआयने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि नातेवाईकांसमोर अपमान करणं तर अजिबातच चालत नाही. ते कॉल रेकॉर्ड करा. बाबांनी केला नव्हता, मला आता त्याचं वाईट वाटतं कारण तोच सगळ्यात चांगला पुरावा असता.

शेवटी मामेबहिणीच्या ओळखीच्या वकिलांनी वाट दाखवली. कर्ज कंपनीला आधी लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जायचं, फी नाही. कोर्सवाल्यांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी नाही. कोचिंगवाल्यांच्या फसव्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खास नियम काढलेत, खोट्या गॅरंटीच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी जपा. माझ्याकडे एकच आहे, तोही अर्धा कापलेला. पैसे नुकतेच गेले असतील तर पोलीस स्टेशनच्या रांगेत उभं राहण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तासाभराचासुद्धा फरक पडतो. ग्राहक म्हणून तक्रारीला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन.

लोकपालाकडे अर्ज टाकलाय. ग्राहक आयोगाचा मसुदा तयार आहे पण मी तो एकटीने टाकायचं जरा थांबलेय, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. तर ज्यांना "सिक्रेट ५७०" ची पीडीएफ मिळालीय, पानावर स्वतःचा मोबाईल नंबर छापलेली, त्यांनी ती डिलीट करू नका. पासवर्डचा मेसेज, पैसे भरल्याच्या पावत्या, काउन्सेलरचे कॉल आणि डेमोचं रेकॉर्डिंग असेल तर तेही ठेवा, आणि मला मेसेज करा. लाजू नका, मी वर सगळं उघड लिहिलंच आहे.