सरदच्या (पावसाळी) भातात युरियाला जोड कशाची? शेणखत, धैंचा की गिरिपुष्प

आपली जांभ्याची आंबट जमीन नुसत्या रासायनिक खतावर फार काळ साथ देत नाही. दिलेले स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी बांधले जाते आणि नत्र (नायट्रोजन) पावसाबरोबर निघून जाते. सेंद्रिय जोड द्यायलाच हवी. प्रश्न आहे तो कुठली द्यायची याचा.

शेणखत पूर्ण कुजलेले मिळाले तर त्याला तोड नाही. पण विकतचे बहुधा अर्धवट कुजलेले असते, त्यात तणाचे बी असते. कच्चा काडीकचरा कुजताना जमिनीतलेच नत्र ओढतो आणि लावणीनंतर रोपे पिवळी पडतात. शिवाय पाऊस लागला की गाडी कुणग्यापर्यंत (भाताच्या तुकड्यापर्यंत) जात नाही.

धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक कागदावर सर्वांत सरस. पण तो 40-45 दिवसांचा करून गाडायचा, म्हणजे जुलैच्या सुरुवातीच्या लावणीसाठी मेच्या मध्यावर पेरायला हवा. नेमकी तेव्हाच वायंगण (रब्बी भात) कापून शेते उघडी पडलेली असतात आणि गुरे मोकाट सुटलेली. आजूबाजूला हिरवे काहीच नसते, त्यामुळे कोवळ्या धैंच्यावर ती तुटून पडतात. एका कुणग्याला कुंपण परवडत नाही, आणि सगळी शेते एकत्र राखायला शेजारी सहसा तयार नसतात. माझा कल गिरिपुष्पाकडे (ग्लिरिसिडियाकडे) झुकला तो मुख्यतः यामुळेच. मेरेवरच्या (बांधावरच्या) या झाडाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत.

1000 चौरस मीटरला अंदाजे 500 किलो ओला पाला लागतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कोवळ्या फांद्याच कापाव्यात, जुन्या फांद्या पॉवर टिलरच्या पात्यांत गुंततात. लावणीआधी 8-10 दिवस चिखलात गाडावा. कापणीची मजुरी लागते, हे खरे.

हेक्टरी 100:50:50 (किलो नत्र, स्फुरद, पालाश) ची शिफारस धरली तर पाल्यामुळे नत्राचा साधारण चौथा हिस्सा कमी करता येतो. म्हणजे 1000 चौरस मीटरला शेवटच्या चिखलणीत 11 किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) आणि 8 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. मग 12 किलो युरियापैकी 7 किलो फुटव्यांच्या वेळी, 5 किलो पोटरीत लोंबी धरताना. युरिया टाकण्याआधी पाणी काढावे, चिखलावर फोकावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी परत घ्यावे. साचलेल्या पाण्यात टाकलेला युरिया बराचसा हवेत उडतो. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर अर्थात हे आकडे त्याप्रमाणे बदला.

पाला जास्त झाला किंवा लावणीच्या तोंडावर गाडला, तर चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मुळे काळी पडतात, जुन्या पानांवर तांबूस ठिपके दिसतात. दोन-तीन दिवस पाणी काढून टाकले की बहुधा सावरते. खाजनात (खाडीकाठच्या सखल, खारट शेतात) मात्र पाणी असे हवे तेव्हा काढता येत नाही. तिथे कच्चा पाला टाळावा आणि चांगले कुजलेले शेणखतच बेताने घालावे.