जुन्या दाराचं कुलूप: खाचांच्या किल्लीचं की लिव्हरचं?
आजोळच्या घराला दोन जुनी कुलपं आहेत, एक माजघराच्या दाराला आणि एक पुढच्या दाराला, दिसायला दोन्ही सारखीच काळी लोखंडी पण आतून एकदम वेगळी. ओळखायचं कसं, तर किल्ली बघा. माजघराच्या किल्लीच्या पात्याला नुसत्या खाचा आहेत, म्हणजे आत लोखंडाचे ठराविक अडथळे आहेत आणि त्यातून जी किल्ली निसटून फिरेल ती कुलूप उघडते, म्हणून तर कानशीने घासलेली भलतीच किल्लीपण कधीकधी चालून जाते. पुढच्या किल्लीला मात्र जिन्यासारख्या कमीजास्त उंचीच्या पायऱ्या. हे लिव्हरचं. आतली प्रत्येक पट्टी (म्हणजेच लिव्हर) बरोब्बर तेवढीच उचलली गेली पाहिजे, कमी नको नि जास्तही नको (इंग्लंडमधे रॉबर्ट बॅरनने १७७८ साली हे पेटंट केलं).

सर्व्हिसिंगला पहिलं सोप्पं. झाकण काढा, रॉकेल नि जुना टूथब्रश, झालं, बिघडण्यासारखं आत फारसं नसतंच.

लिव्हरवाल्याला हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, पट्ट्यांचा क्रम चुकला की किल्ली फिरत नाही. मी फोटो न काढताच खोललं, एक पातळ स्प्रिंग टुण्णकन उडाली ती तासाभराने उंबऱ्याच्या फटीत सापडली. आणि खोबरेल अजिबात नको हां, थंडीत गोठतं आणि धूळ धरतं, त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंका.

बाहेरच्या दाराला लिव्हरचंच ठेवा, खाचांचं आतल्या खोल्यांना ठीक आहे.