काटेरी उंदीर पाळायचे ठरवताय? सामान निवडण्याआधी हे वाचा

काटेरी उंदीर, म्हणजे अकोमिस, दिसायला उंदीर असला तरी त्याचं जवळचं नातं जर्बिल या उंदरासारख्या लहान वाळवंटी प्राण्याशी आहे. म्हणून साध्या पाळीव उंदरांसाठी मिळणारं तयार सामान त्याला जसंच्या तसं चालत नाही. दोन गोष्टी सतत डोक्यात ठेवा. एक म्हणजे शेपूट. तिची कातडी जराशा ओढीने सोलून निघते आणि गेलेली शेपूट पुन्हा उगवत नाही. दुसरी म्हणजे पिल्लं. ती अंगावर केस घेऊनच जन्मतात, डोळेही जन्मतःच किंवा लवकरच उघडतात आणि थोड्याच वेळात ती हिंडू लागतात.

काचेची टाकी की तारेचा पिंजरा?

पिंजऱ्यात हवा छान खेळते, चढायला सगळ्या बाजू मिळतात आणि सफाई सोपी जाते. पण ज्या फटीतून पिल्लाचं डोकं जातं, तिथून अख्खं पिल्लू निसटतं. पिंजराच हवा असेल तर जाळीची भोकं 6 मिमीपेक्षा मोठी नकोत. काचेच्या टाकीत ऊब टिकते, अंथरूण बाहेर सांडत नाही आणि कुरतडायला कडा सापडत नाही. तिला वरून घट्ट बसणारं जाळीचं झाकण मात्र हवंच, कारण हे प्राणी पटाईत उड्या मारतात. पैदास करायची असेल तर मी डोळे झाकून टाकी घ्यायला सांगेन. प्लॅस्टिकचे रंगीत तयार पिंजरे दोन्हींपेक्षा वाईट. ते कुरतडून पार होतात.

ऊब

हे प्राणी कोरड्या, खडकाळ मुलखातले आहेत, थंडी त्यांना सोसत नाही. टाकीखाली ठेवायची गरम चटई दिसायला सोयीची असते, पण वर जाड अंथरूण असलं की उष्णता खालीच कोंडते. त्यापेक्षा झाकणाच्या बाहेरून लावलेला, उजेड न देणारा सिरॅमिक दिवा बरा, थर्मोस्टॅटसह, म्हणजे तापमान आपोआप आवाक्यात ठेवणाऱ्या उपकरणासह. एका टोकाला ऊब असावी आणि दुसरं टोक थंड राहावं, म्हणजे त्यांना हवी ती जागा निवडता येते.

अंथरुणात कागदी किंवा अ‍ॅस्पेनचा भुसा यांपैकी काहीही चालेल. देवदार आणि पाइनचा सुगंधी भुसा नको, त्याचा श्वासाला त्रास होतो. लपायला महागडी लाकडी घरं घेण्यापेक्षा मातीची कुंडी आडवी ठेवा आणि सपाट दगडांची कपार रचा. दगड मात्र थेट तळावर टेकवा. अंथरुणावर ठेवलेला दगड खालून उकरला की प्राण्यावर कलंडतो.

चाक

इथे तडजोड करू नका. दांड्यांचं किंवा जाळीचं चाक स्वस्त मिळतं, पण त्यात शेपूट अडकते. सलग, भरीव पृष्ठभागाचं चाक घ्या आणि पळताना पाठ वाकणार नाही इतकं ते मोठं असू द्या.

खाणं

सूर्यफुलाच्या बियांनी भरलेलं हॅम्स्टरचं मिश्रण त्यांना फार आवडतं, आणि नेमकी तीच अडचण आहे. ते तेलकट बिया तेवढ्या वेचून खातात. काटेरी उंदीर पटकन लठ्ठ होतात आणि त्यांना मधुमेहाचाही धोका असतो. गोळ्यांच्या स्वरूपातलं उंदरांचं खाद्य मुख्य ठेवा, त्यात बारीक धान्य मिसळा, अधूनमधून एखादा रातकिडा द्या. पिवळ्या मीलवर्म अळ्यांमध्ये चरबी जास्त असते, म्हणून त्या क्वचितच. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला प्रथिनं जास्त लागतात, तिच्यासाठी किडे वाढवा. पाण्याची बाटली वाटीपेक्षा बरी, कारण अंथरूण कोरडं राहतं. पण तिची नळी पिल्लांच्या तोंडाला पोचेल इतकी खाली असावी.

दुसरी टाकी

ही चैन वाटेल, पण पैदाशीत हीच सगळ्यात आधी लागते. साध्या उंदराचा गर्भकाळ साधारण 20 दिवसांचा असतो, यांचा जवळपास दुप्पट, आणि एका वेतात बहुधा दोन-तीनच पिल्लं होतात. त्यामुळे संख्या हळू वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात मादी व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते आणि पिल्लंही दोन-तीन महिन्यांत वयात येतात. गटातल्या इतर माद्या पिल्लांची काळजी घ्यायला मदत करतात, म्हणून आईला एकटी काढू नका, दुसऱ्या टाकीत नराला हलवा. वाढलेली नर पिल्लंही पुढे तिथेच जातील, पण त्यांच्यात भांडणं होतात का ते बघा. चावे बहुतेक वेळा शेपटीवरच बसतात.